द्या इकडे, मी करते

तोक्योतल्या आमच्या गल्लीत मंगळवारी आणि शुक्रवारी जाळायच्या कचऱ्याची गाडी येते. भाजीची देठं, चहाचा चोथा, पोराचे भोकं पडलेले मोजे, सगळं त्यात चालतं. सकाळी आठच्या आत विजेच्या खांबाखाली पिशव्या ठेवायच्या, वरून निळी जाळी ओढायची, जाळीच्या कडेची जड दोरी जमिनीला नीट टेकली आहे ना ते बघायचं आणि आपल्या वाटेला लागायचं. गाडी नऊच्या सुमाराला येते. ती गेल्यावर मागे उरतात अंड्याची टरफलं, फुटक्या पिशवीतून गळलेलं पाणी आणि कशीही भिरकावलेली जाळी. ते आवरायला समोरच्या घरातल्या आजी येतात. त्यांना तोंडावर मी आडनावापुढे 'सान' लावून हाक मारते, मनातल्या मनात मात्र त्या 'जाळीच्या आजी'. वय ऐंशीच्या पुढे नक्की, पाठीला चांगला बाक आलेला, अंगात फुलाफुलांचा एप्रन, हातात आखूड दांड्याचा झाडू.

गेल्या नोव्हेंबरात एका मंगळवारी मी घरूनच काम करत होते. पत्रपेटी बघायला खाली उतरले तर गाडी नुकतीच गेलेली आणि आजी वाकून काहीतरी खरवडत होत्या. आदल्या दिवशी पाऊस पडला होता, पाला रस्त्याला चिकटला होता. मला राहवेना. "द्या इकडे, मी करते," असं जमेल तेवढ्या नम्र जपानीत म्हणून मी झाडू जवळजवळ काढूनच घेतला. "आरा, सुमिमासेन नेए," आजी म्हणाल्या, म्हणजे 'अगंबाई, तुम्हाला त्रास हो' असं काहीसं. मी झाडलं, सुपलीत भरलं, जाळीची गुंडाळी करून खांबाला बांधली, त्यांच्याच झारीतलं पाणी ओतून जागा धुतली. सगळं मिळून सात मिनिटं. तेवढा वेळ आजी एप्रनच्या खिशाशी हात धरून बाजूला उभ्या होत्या. मग तीनदा वाकल्या, तीनदा आभार मानले आणि घरात गेल्या. मी खूश. संध्याकाळी आईला फोनवर सांगूनही टाकलं, आणि आईनेही "बरं केलंस हो" असं म्हणून पावती दिली.

शुक्रवारी मी मुद्दाम नऊ वाजता खाली गेले. जागा धुतलेली, जाळी बांधलेली, आजींचं दार बंद. पुढच्या मंगळवारी मी आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. साडेआठ झाले असतील, गाडीचा पत्ता नव्हता. खाली बघितलं तर आजी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या खांबाच्या आडोशाला उभ्या होत्या. वारा बोचरा होता. झाडू दोन्ही हातांनी छातीशी उभा धरलेला, शाळेतली मुलगी पाटी धरते तसा. गाडी आली, पिशव्या गिळून वळली, आणि ती वळते न वळते तोच आजी लगबगीने आल्या, आमच्या इमारतीच्या दाराकडे एक नजर टाकली आणि भराभर झाडायला लागल्या.

माझ्यापासून झाडू लपवला होता त्यांनी.

मी चिमट्यांची टोपली तशीच ठेवून आत आले. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं, पण चोर कोण होतं तेच कळेना.

मोठ्यांच्या हातातलं काम काढून घेणं हा आमच्याकडे संस्कार आहे. चार बायका एका स्वयंपाकघरात आल्या की "तू बस गं, मी बघते" याची जी पळवापळवी सुरू होते ती हॉटेलातल्या बिलावरून होणाऱ्या झटापटीपेक्षा कमी नसते. आजी भाजी निवडायला बसली की सून परडी ओढून घेणार, सासरे पाण्याचा तांब्या भरायला उठले की तीनजण धावणार. जो धावत नाही त्याला वळण नाही. माझी आजी, साताऱ्याची, ऐंशी ओलांडल्यावर तिच्याकडून एकेक करून सगळं काढलं गेलं. आधी विळी, हात कापेल म्हणून. मग दूध तापवणं, विसरेल म्हणून. तुळशीला पाणी घालणंसुद्धा एका पावसाळ्यात गेलं, शेवाळावरून घसरेल म्हणून. उरल्या फक्त वाती. कापसातली सरकी काढायची, पेळू सारखा करायचा, बोटाला किंचित राख लावायची आणि मांडीवर वळायचं. फुलवाती वेगळ्या, समईच्या लांब वाती वेगळ्या. कुणी लक्ष वातींचा नेम धरला की आजीला निरोप यायचा. ती गेल्यावर तिच्या खणात श्रीखंडाचे अकरा डबे निघाले, वातींनी गच्च भरलेले. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, किती भाविक होती म्हणून. आता मला वेगळंच वाटतं. कुणालाही त्यातलं काही येत नव्हतं, म्हणून ते तेवढं तिच्या हातात राहिलं.

आम्ही राहतो तो भाग म्हणजे तोक्योच्या पूर्वेकडचा एदोगावा वॉर्ड, स्टेशन निशी-कासाई. 2000 च्या आगेमागे संगणकांच्या तारखांचा घोळ निस्तरायला भारतातून इंजिनिअर आले, त्यातले बरेच इथे राहिले आणि हळूहळू कढीपत्त्यापासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळं इथे मिळायला लागलं. आम्ही आलो 2016 ला, म्हणजे तसे उशिराच. आल्याआल्या ज्या जपानी माणसांशी माझा संबंध आला ती झाडून सगळी सत्तरीच्या पुढची. हा योगायोग नव्हता. दिवसाउजेडी गल्लीत दुसरं कुणी नसतंच. तरुण माणसं सकाळी गाडीत कोंबली जातात ती रात्री बाहेर पडतात, आणि मधल्या वेळात वस्तीचा ताबा म्हाताऱ्यांकडे असतो. शाळेच्या वाटेवर पिवळा झेंडा घेऊन रस्ता ओलांडून देणारे तेच. बागेतली झुडपं कापणारे तेच. सकाळी साडेसहाला रेडिओवरच्या पियानोच्या ठेक्यावर हातपाय हलवणारे तर तेच तेच. हा राजिओ ताइसो 1928 पासून चालत आला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी तिथे हजेरी लावली की गळ्यातल्या कार्डावर शिक्का मारणारेही तेच. माझा मुलगा पहिलीत असताना त्या शिक्क्यासाठी अंथरुणातून उठायचा. आईच्या हाकेने कधी उठला नाही.

आणि कचऱ्यावर नजर ठेवणारेही तेच. हे सांगितलं नाही तर लेख फारच गोडगोड होईल. पहिल्याच महिन्यात दारावरची घंटा वाजली. दारात हातमोजे घातलेले एक आजोबा, हातात माझीच पिशवी. प्लास्टिकचा वार वेगळा असतो हे मला कळलं नव्हतं. पिशवीतून पोह्यांचं पाकीट डोकावत होतं, त्यावर देवनागरी अक्षरं, आणि अख्ख्या गल्लीत ती लिपी वाचणारं घर एकच. आजोबांचा आवाज अजिबात चढला नाही. त्यांनी कचऱ्याचं वेळापत्रक मला दिलं, बोट ठेवून एकेक वार समजावला, वाकले आणि गेले. मला मात्र कानाखाली वाजवल्यासारखं झालं. चाळीत वाढलेल्या माणसाला हा पहारा ओळखीचा असतो. फरक इतकाच की चाळीतल्या आजोबांनी पाकीट हातात नाचवून चारही मजल्यांना ऐकवलं असतं आणि संध्याकाळी पोह्यांबद्दल विचारपूस केली असती. कित्येक दिवस मी या सगळ्या एप्रनवाल्या, टोपीवाल्या, हातमोजेवाल्या मंडळींवर खार खाऊन होते. यांना घरी काही काम नाही का, असं मनात यायचं.

नव्हतंच. तेच तर कारण होतं.

हे मला सांगितलं स्टेशनजवळच्या सायकल पार्किंगवरच्या आजोबांनी. ते तिथे आठवड्यातले तीन दिवस असतात. लोक घाईघाईत सायकली कशाही घुसडून जातात, आजोबा त्या एकेक करून सरळ करतात, हँडलला हँडल अडकलं असेल तर सोडवतात. पावसाची सर आली की सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवतात. त्यांनी पूर्वी कुठल्याशा कंपनीत 38 वर्षं काढली, शेवटी विभागप्रमुख होते. एका सकाळी माझी गाडी चुकली होती म्हणून दोन मिनिटं उभी राहिले आणि रोज यायला कंटाळा येत नाही का, असं काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "म्हातारपणी माणसाला दोन गोष्टी लागतात. क्योइकु आणि क्योयो." क्योइकु म्हणजे शिक्षण, क्योयो म्हणजे सुसंस्कृतपणा, व्यासंग. मी मान डोलावली, म्हटलं, वा. आजोबा हसायला लागले. "तसं नव्हे! 'क्यो' म्हणजे आज, 'इकु' म्हणजे जाणं. आज जायला ठिकाण हवं. आणि 'क्यो' आज, 'यो' म्हणजे काम. आज काहीतरी काम हवं." नंतर कळलं, हा विनोद इथे आपल्या लग्नातल्या उखाण्यांइतका मुरलेला आहे आणि प्रत्येक निवृत्त माणूस तो आत्ताच सुचल्यासारखा सांगतो. पण मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. कार्ड टेकवून आत गेले, गाडीत उभी राहिले आणि मला खांबाच्या आडोशाचा तो झाडू आठवला.

पार्किंगवरचे आजोबा पगारी नोकर नाहीत. ते सिल्व्हर जिनझाइ सेंटरचे सभासद आहेत, आणि या सेंटरची मूळ कल्पना आमच्याच एदोगावात रुजली. 1975 मध्ये इथे ज्येष्ठांची पहिली संस्था निघाली, मग ती देशभर पसरली, 1986 च्या कायद्यात तिला जागा मिळाली. आज सुमारे 7 लाख सभासद आहेत. वयाची साठी ओलांडलेली हवी. काम हलकं आणि थोडं, महिन्याला साधारण दहा दिवस. सायकली लावणं, गवत काढणं, सरकत्या दारांना नवा कागद चिकटवणं, हात चांगला असेल तर ब्रशने पाकिटांवर पत्ते लिहून देणं. मिळतात त्या पैशाला पगार म्हणत नाहीत, 'हाइबुनकिन' म्हणतात, म्हणजे वाटा. सुगीला बलुतेदाराला द्यावा तसा काहीसा शब्द. यावर नाकं मुरडणारे आहेत. पगार म्हटला की कामगार कायदे आले, वाटा म्हटलं की स्वस्तात हात मिळाले, असं ते म्हणतात, आणि ते खोटं नाही. चाळीस वर्षं हप्ते भरूनही राष्ट्रीय पेन्शन महिन्याला सत्तर हजार येनच्या आसपासच हातात येते. तोक्योत तेवढ्यात भाडंसुद्धा धड भागत नाही. तेव्हा पहाटे इमारतींचे जिने पुसणाऱ्या सगळ्याच आज्या काही 'आज काम हवं' म्हणून आलेल्या नसतात. कुणाला काम हवं असतं आणि कुणाला वाटा, बाहेरून एप्रन सारखाच दिसतो. पार्किंगवरच्या आजोबांना मी हे कधी विचारलं नाही. इथे असं विचारत नाहीत, आणि आपल्याकडे विचारलं तरी खरं सांगत नाहीत.

म्हाताऱ्यांना 'सिल्व्हर' का म्हणायचं, तर केस पिकतात म्हणून, असं मी धरून चालले होते. गंमत वेगळीच निघाली. 15 सप्टेंबर 1973 ला, म्हणजे तेव्हाच्या ज्येष्ठांच्या सणाच्या दिवशी, चूओ मार्गाच्या गाड्यांत वृद्धांसाठी राखीव जागा सुरू झाल्या. त्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून वेगळं कापड हवं होतं, आणि रेल्वेकडे बुलेट ट्रेनच्या सीटचं रुपेरी करडं कापड उरलेलं होतं. ते चढवलं, नाव पडलं सिल्व्हर सीट. तेव्हापासून म्हातारी माणसं रुपेरी. उरलेल्या कापडावरून एका अख्ख्या पिढीचं बारसं झालं! 1963 पासून शंभरी गाठणाऱ्याला सरकार चांदीची वाटी देतं. पहिल्या वर्षी देशात शंभरीचे लोक होते 153. 2024 मध्ये ते 95 हजारांवर गेले, आणि वाटी आधीच, 2016 पासून, नुसती चांदीचा मुलामा दिलेली झाली. लोक मरेनात म्हणून चांदी परवडेना. हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगितलं तर ते खो खो हसतात.

पुरुषांची गोष्ट जरा जास्त अवघड असते. जपानीत एक शब्द आहे, 'नुरेओचिबा', ओलं गळलेलं पान. रिटायर होऊन घरी बसलेला, बायकोच्या मागे मागे चिकटून फिरणारा, झटकला तरी न सुटणारा नवरा. 1989 च्या सुमाराला हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. आता त्या शब्दातला क्रूरपणा थोडा झिजला आहे. पण त्या मंगळवारी रस्त्याला चिकटलेली पानं झाडताना मला त्याचा अर्थ हाताला कळला. झाडूचे काटे वरून सरकतात, पान जागचं हलत नाही, शेवटी नखाने उचलावं लागतं.

माझे बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. साताऱ्याच्या स्टँडवर त्यांचा आवाज ऐकून आम्ही मोठे झालो. कोरेगावमार्गे जाणारी कुठली, वाईहून येऊन पुढे जाणारी कुठली, फलाट क्रमांकासकट सगळं त्यांच्या डोक्यात. 58 व्या वर्षी निवृत्त झाल्यावरही चार-पाच वर्षं घरचा फोन वाजायचा. "काका, कोल्हापूरला जाणारी शेवटची किती वाजता हो?" बाबा खुर्चीत सरळ बसून उत्तर द्यायचे, सोबत पर्यायही सांगायचे. ती चुकलीच तर अमुक गाडीने कराडपर्यंत जा, तिथून रात्रीची मिळते. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि तो फोन वाजेनासा झाला. हे आमच्या हातात नव्हतं. पण बाकीचं आम्ही केलं. लाइट बिल मी तोक्योत बसून भरते. गॅस भाऊ पुण्यातून नोंदवतो. दूध पिशवीत दाराशी लटकतं, भाजी फोनवर येते. पूर्वी बाबा बिल भरायला जायचे ते सकाळी दहाला बाहेर पडून दीडला यायचे. रांगेत दोन ओळखीचे भेटायचे, राजवाड्यावर चहा व्हायचा, येताना कंदी पेढे किंवा नुसतीच कोथिंबिरीची जुडी. आम्ही हसायचो, "एका बिलाला साडेतीन तास!" मग एका दिवाळीत मी त्यांच्यासमोरच ॲप घेतलं, आकडे टाकले आणि म्हटलं, झालं बाबा, आता तुम्हाला कधी रांगेत उभं राहायला नको. त्यांनी "अरे वा" म्हटलं होतं. अगदी त्याच स्वरात. सुमिमासेन नेए.

झाडूच्या प्रकरणानंतर मला एकदम शहाणपण सुचलं. इथल्या दुकानातून सुंदर कापडी बांधणीची वही घेतली, शाईचं पेन घेतलं आणि कुणाबरोबर तरी साताऱ्याला पाठवलं. "बाबा, तुमच्या स्टँडवरच्या आठवणी लिहा." महिन्याने विचारलं, वही कशी आहे? म्हणाले, "छान आहे. तुझी आई त्यात दुधाचा हिशोब लिहिते." मग थोडं थांबून, "रडणाऱ्या पोराला खुळखुळा देतात तसं करू नकोस गं." बाबा आयुष्यात माझ्याशी इतकं स्पष्ट दोन-तीनदाच बोलले असतील. फोन ठेवल्यावर मला त्यांचा राग आला, नंतर स्वतःचा, आणि रात्री भांडी घासताना दोघांचाही गेला.

खुळखुळा आणि काम यातला फरक मला 2019 मध्येच कळायला हवा होता. एदोगावाचा सत्तर टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. त्या वर्षी वॉर्डाने पुराचा नवा नकाशा घरोघर वाटला आणि मुखपृष्ठावर आमच्या भागावर चक्क छापलं होतं, 'इथे थांबू नका'. इतकं रोखठोक बोलणारं सरकारी कागदपत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. ऑक्टोबरच्या 12 तारखेला मोठं वादळ आलं तेव्हा माझं बाळ तीन महिन्यांचं होतं आणि नवरा कामासाठी ओसाकात अडकलेला. मोबाइलवर इशारे येत होते, मला निम्मे वाचता येत नव्हते. सकाळी घंटा वाजली. दारात हेल्मेट घातलेले, रेनकोटमधून पाणी गळणारे आजोबा, बगलेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली यादी. मी ओळखलं, हे तर पोह्यांच्या पाकिटाचे! त्यांनी विचारलं, घरात किती माणसं, बाळाला वरचं दूध लागतं का, शाळेपर्यंत चालत येता येईल ना. कानातलं यंत्र पावसात बिघडलं असावं, कारण मला प्रत्येक उत्तर दोनदा ओरडून द्यावं लागलं. आपल्या गल्लीत कोण एकटं राहतं, कुणाचे गुडघे गेलेत, कोणाला जिना उतरता येणार नाही, हे त्या माणसाला यादी न बघता ठाऊक होतं. दर आठवड्याला कचऱ्यात डोकावल्याशिवाय आणि दर महिन्याला काइरानबान घरोघर फिरवल्याशिवाय हे ठाऊक होत नाही. काइरानबान म्हणजे सूचनांची फळी. गटार सफाई, अग्निशमनाचा सराव, कुणाचं निधन. वाचायची, सही करायची, शेजारच्या दारात नेऊन द्यायची. एका ई-मेलने हे सगळं भागेल असं मीही पूर्वी म्हणायचे.

या सगळ्याला घरघर लागली आहे, तेही दिसतं. एकट्या राहणाऱ्यांच्या घरी डोकावून येणाऱ्या बिनपगारी स्वयंसेवकांची एक सरकारी परंपरा इथे आहे, मिनसेइ-इइन म्हणतात. 1917 मध्ये ओकायामात तिची सुरुवात झाली. दर तीन वर्षांनी नेमणुका होतात आणि 2022 मध्ये देशभरात 15 हजारांहून जास्त जागा भरल्याच गेल्या नाहीत. पूर्वी साठीला मोकळे होणारे आता सत्तरीपर्यंत नोकरी करतात. आमच्या गल्लीतही डिसेंबरच्या शेवटच्या रात्री लाकडी टिपऱ्या वाजवत 'हि नो योजिन', आगीपासून सावध राहा, असं ओरडत फिरणारी मंडळी यंदा पाचवरून तीनवर आली होती. आमच्या लहानपणी रात्री गुरख्याची काठी आणि शिट्टी ऐकली की पांघरूण ओढून घ्यायचं सुख होतं. इथल्या टिपऱ्यांत तेच सुख आहे, पण यंदा एक आवाज त्यात नव्हता. जाळीच्या आजींचा. त्या दरवर्षी मागून कंदील धरून चालायच्या आणि शेवटचा शब्द सगळ्यांपेक्षा लांबवायच्या.

त्या पडल्या होत्या. घरातच, अंघोळीच्या खोलीच्या उंबऱ्याला पाय अडकून. खुबा. हे मला जानेवारीच्या काइरानबानसोबत शेजारणीने सांगितलं. पहिल्या दोन आठवड्यांत खांबाखाली काय झालं ते सांगण्यासारखं नाही. जाळी कुणी नीट ओढेना, आणि तोक्योचे कावळे म्हणजे आपल्या कावळ्यांचे थोरले चुलतभाऊ, चोच अशी की पिशवी म्हणजे पापड. आमच्याकडे पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून 'काव काव' करत बोलवावं लागतं, तासन्‌तास येत नाहीत, आणि इथे न बोलावता सहकुटुंब. एका शुक्रवारी तर कुणाच्या तरी घरच्या माशाचा काटा आमच्या दारात आणि आमच्या आंब्याच्या लोणच्याचा बाठा समोरच्या गाडीच्या टपावर. मी झाडू घेतला. या वेळी हिसकावून घ्यायला समोर कुणी नव्हतं. कुणी वाकून आभारही मानले नाहीत. जानेवारी, फेब्रुवारी, मंगळवार-शुक्रवार. बोटं गारठायची, झारीतलं पाणी ओतलं की उन्हात वाफ निघायची. मीटिंगमध्ये एकदा "दोन मिनिटं उशीर होईल, गाडी अजून आली नाही" असं म्हणून गेले आणि सगळे समजले मी मेट्रोबद्दल बोलते आहे. पार्किंगवरच्या आजोबांना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "मग आता तुम्हालाही क्योयो आहे." मी सदतीस वर्षांची आहे हो, म्हटलं.

मार्च संपत आला तेव्हा, सगळं शहर परागकणांनी शिंकत होतं, एका मंगळवारी समोरचं दार उघडलं. आजी आल्या. पुढे चार चाकांची छोटी गाडी, वर बसायला फळी, खाली सामानाची पिशवी. तिलाही इथे सिल्व्हर कारच म्हणतात. तोंडावर मास्क, अंगात तोच फुलाफुलांचा एप्रन. गाडी येऊन गेली होती, माझं झाडून झालं होतं, जाळी मी नेहमीसारखी गुंडाळून खांबाला बांधली होती. मी वाकले, त्या वाकल्या, तब्येतीचं विचारून झालं. मग त्यांनी जाळीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "सुमिमासेन," त्या म्हणाल्या, आणि थरथरत्या बोटांनी माझी गाठ सोडायला लागल्या.

माझ्या तोंडावर आलं होतं, द्या इकडे. ओठ दाबून धरले. गाठ सुटायला एक-दीड मिनिट लागलं असेल. शेजारची बाई मुलाला सायकलवर बसवून निघून गेली, वर तारेवर एक कावळा येऊन बसला. गाठ सुटली, गुंडाळी जमिनीवर उलगडली. गुंडाळली की आतलं पाणी वाळत नाही, आजींनी समजावलं, वास येतो, आणि कडेची दोरी पिळते, मग ती जमिनीला टेकत नाही, मग कावळे चोच घालतात. दोन महिने जाळीची एक कड उचललेली राहायची, ते मला दिसलं होतं. जाळी जुनी झाली असं मी समजत होते.

त्यांनी एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं टोक धर म्हणून मला हनुवटीने खुणावलं. मी मागे मागे गेले, जाळी ताणली गेली. साताऱ्याच्या गच्चीवर आजीच्या नऊवारीची घडी घालताना अशीच मी दुसऱ्या टोकाला असायचे. आजी म्हणायची, ताण गं, पण ओढू नकोस. जाळीच्या आजींनीही मान हलवून तसंच काहीतरी सांगितलं. मग त्यांनी गाडीच्या फळीवर बूड टेकलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी टोक उचलून त्यांच्याकडे चालायला लागले.